औषधाची साखळी कुठे तुटते?

शहागडला सोलापूर-धुळे महामार्ग गोदावरी ओलांडतो. नदीच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. या पुलावरून रात्रंदिवस मालमोटारी जात असतात. त्यांत काय भरलेले असते, असे एकदा विज्ञानाच्या तासाला मुलांना विचारले. कापूस, ऊस, सिमेंट, मोसंबी अशी उत्तरे आली. औषधे कोणीच सांगितली नाहीत. मग दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरातले गोळ्यांचे एक रिकामे पाकीट आणायचे आणि त्याच्या पाठीवरचा पत्ता वाचायचा, असे ठरले.

पत्ते वाचताना मुलांची फार करमणूक झाली. बद्दी, सोलन, हरिद्वार, दमण, सिक्कीम! नकाशा काढला, गावे शोधली. हिमाचल प्रदेशातले बद्दी येथून रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. औषधांचे कारखाने तर छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज-चिकलठाण्यालाही आहेत, म्हणजे दीड-दोन तासांच्या वाटेवर. मग तापाची गोळी एवढ्या लांबून का यावी? याचे उत्तर विज्ञानात सापडत नाही, करात सापडते. २००३ नंतर हिमाचल आणि उत्तराखंडमध्ये कारखान्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि गोळ्या तिकडे तयार होऊ लागल्या.

एका मुलाने मात्र याच्याही पुढचे विचारले. "गोळी बद्दीला झाली. पण गोळीतलं औषध कुठं झालं?" पाकीट उलटसुलट करून पाहिले. ते कुठेच छापलेले नव्हते.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. कोरोनाच्या साथीनंतर औषधपुरवठ्याची साखळी भक्कम करू, अशी भाषा सरकारपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे ऐकू आली. त्यासाठी योजना आल्या, पैसाही आला. पण ज्या कडीत साखळी वारंवार तुटते ती कडी या योजनांनी धरलेली नाही, असे मला वाटते. का, ते क्रमाने पाहू.

तीन औषधे, तीन कड्या

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. गोळीत दोन प्रकारचे पदार्थ असतात. एक, खरे काम करणारे मूळ औषधद्रव्य. दुसरे, गोळीला आकार, वजन आणि टिकाऊपणा देणारे स्टार्चसारखे पदार्थ. मूळ द्रव्य तयार करणे हा रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा मोठा उद्योग आहे. त्याची गोळी करणे हा तुलनेने सोपा उद्योग. भारत गोळ्या करण्यात जगात अग्रेसर आहे. मूळ द्रव्यांच्या आयातीपैकी मात्र किमतीने सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या चीनचा आहे.

आता साथीच्या काळातली तीन औषधे घेऊ. पहिले पॅरासिटामॉल. २०२० च्या सुरुवातीला चीनमधले कारखाने बंद पडले. ३ मार्च २०२० रोजी भारताने पॅरासिटामॉलसह २६ मूळ द्रव्ये व त्यांच्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पॅरासिटामॉल आपल्याकडे भरपूर तयार होते, पण ते ज्यापासून करतात ते पॅरा-अमिनोफेनॉल मोठ्या प्रमाणात चीनमधून येत होते. येथे साखळी कच्च्या मालाच्या कडीत अडकली.

दुसरे रेमडेसिविर. एप्रिल २०२१ मध्ये एकेका कुपीसाठी लोक जिल्ह्याच्या गावी रांगा लावून उभे होते. ते दिवस कोणी विसरलेले नाही. तेव्हा भारतात हे औषध करणाऱ्या ७ कंपन्या होत्या आणि त्यांची क्षमता महिन्याला ३८.८० लाख कुप्यांची होती. म्हणजे कारखाने होते. पण हिवाळ्यात रुग्ण कमी झाले, मागणी आटली, कंपन्यांनी उत्पादन घटवले. लाट आली तेव्हा यंत्रे पुन्हा जोमाने सुरू केली, तरी कुपी लगेच बाहेर पडत नाही. इंजेक्शन निर्जंतुक आहे की नाही हे पाहण्यासाठी नमुना पोषक द्रावात ठेवून १४ दिवस वाट पाहावी लागते. जंतू आपल्या गतीने वाढतात, निकड पाहून ते घाई करत नाहीत. येथे साखळी तुटली ती रिकाम्या क्षमतेच्या कडीत. गरज नसताना यंत्र तयार ठेवण्याचे पैसे कोणी देत नव्हते. (या औषधाच्या वापराविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सल्ला दिला होता, हेही नोंदवायला हवे. अवास्तव मागणी हाही साखळीवरचा ताणच असतो.)

तिसरे अॅम्फोटेरिसिन. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण महाराष्ट्रात झपाट्याने वाढले. त्यावरचे हे औषध मूत्रपिंडाला त्रासदायक असते, म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म गोलकांत बंद करून देतात. औषध होते, पण ते ज्यात गुंडाळायचे तो विशिष्ट स्निग्ध पदार्थ करणारे कारखाने जगात मोजकेच. त्या एका पदार्थापाशी गाडी थांबली. वर्ध्याच्या एका कंपनीला त्या वेळी हे इंजेक्शन करण्याची परवानगी तातडीने द्यावी लागली.

तीन औषधे, आणि साखळी तीन वेगळ्या ठिकाणी तुटली. सर्वांत दुबळी कडी आधी ओळखू येत नाही, ओढ बसल्यावरच कळते, हा साखळीचा गुणधर्म आहे. पण औषधांच्या बाबतीत ती आधी ओळखता येणार नाही असे मुळीच नाही. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातली एक जुनी गोष्ट आठवावी लागेल.

पिंपरीची गोष्ट

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत केली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. क्षयरोग आणि न्यूमोनिया यांनी गांजलेल्या देशाला ही दोन्ही औषधे घरची मिळू लागली. कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे, पिंपरीचेच, नाव आहे. २०२१ मध्ये ज्या अॅम्फोटेरिसिनसाठी आपण धावाधाव केली, हॅमायसिन त्याच्याच रासायनिक कुळातले. कधीकाळी आपण या विषयात कुठे होतो, हे यावरून लक्षात यावे.

पेनिसिलीन कसे करतात? पेनिसिलियम ही बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. एकेक टाकी लाखभर लिटरचीही असते. तिला खायला साखर लागते, मक्याचा स्टार्च काढताना उरणारे पोषक पाणी लागते आणि सतत निर्जंतुक हवा लागते. आठवडाभर टाकी ढवळत ठेवायची, हवा फुंकत राहायचे, म्हणजे विजेचा खर्च प्रचंड. वीज काही वेळ गेली किंवा एखादा परका जंतू शिरला, तर सगळी टाकी फुकट जाते. शिवाय फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये जी बुरशी सापडली तिच्यातून मिळणारे पेनिसिलीन अगदी नगण्य होते. नंतरच्या पिढ्यांनी निवड करून करून काही हजार पटींनी अधिक उत्पन्न देणारे वाण तयार केले. हे वाण सांभाळणे, त्याचा कस टिकवणे ही माणसांच्या हातातली विद्या आहे. शेतकऱ्याने बियाणे राखावे तसे ते राखावे लागते. टाक्या भंगारात गेल्या तर नव्या घेता येतात. विद्या पांगली की ती विकत मिळत नाही.

या टाकीतून निघते ते पेनिसिलीन जी. त्यापासून विकराच्या साहाय्याने ६-एपीए नावाचे मधले द्रव्य करतात आणि त्यापासून अॅमॉक्सिसिलीन. घशाला, कानाला, छातीला संसर्ग झाला की खेड्यातला डॉक्टर आधी ज्या कॅप्सूल लिहून देतो, त्यांपैकी ही एक.

१९९१ नंतर आयातीवरचे निर्बंध सैल झाले, जकात उतरली. चीनने तोवर प्रचंड टाक्या उभ्या केल्या होत्या. वीज स्वस्त, मका मुबलक, सरकारचा हात पाठीशी. तेथले पेनिसिलीन जी आपल्या कारखान्याच्या खर्चापेक्षाही कमी भावात येऊ लागले. भारतातले पेनिसिलीन जीचे कारखाने एकामागून एक बंद झाले. पिंपरीचा कारखाना १९९० च्या दशकातच आजारी उद्योग ठरला. अॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल करणे आपण चालूच ठेवले, फक्त आतले द्रव्य बाहेरून येऊ लागले. पाकिटावरचा पत्ता भारतीयच राहिला. म्हणून हा बदल बहुतेकांना कळलाही नाही.

येथे कोणाचे चुकले? कॅप्सूल करणाऱ्याने स्वस्त माल घेतला, यात गैर काही नाही. रुग्णाला औषध स्वस्त मिळाले, हेही चांगलेच. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा आणि सगळ्यांचा मिळून परिणाम मात्र दुबळेपणाचा, असा हा प्रकार आहे. त्याची किंमत कोणाच्या बिलात दिसत नाही, म्हणून ती नसतेच असे आपण धरून चालतो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. लहानपणी घसा दुखण्याच्या साध्या आजारातून तिला संधिवाताचा ताप आला आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपेवर उलटते, असा हा विकार आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो मुख्यतः सुरू होतो. म्हणजे तो आपल्या, शिक्षकांच्या, डोळ्यांसमोर होणारा आजार आहे. पुन्हा ताप येऊ नये म्हणून तिला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागे. त्या महिन्यांत एकदा ते गावात मिळाले नाही, तालुक्याला मिळाले नाही. वडील दोन दिवसांची मजुरी बुडवून लांबच्या शहरातून घेऊन आले. तोवर तारीख उलटून दहा दिवस झाले होते. औषध महाग होते म्हणून मिळाले नाही, असे नव्हे. ते फार स्वस्त होते म्हणून मिळाले नाही.

ही गोष्ट एकट्या शहागडची नाही. २०१६ च्या सुमारास जगातल्या अनेक देशांत बेंझाथिन पेनिसिलीनचा तुटवडा होता. मूळ द्रव्य करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, कारण त्यात नफाच नव्हता.

कारखाना आला, गिऱ्हाईक कुठे?

आता साथीनंतरच्या उपायांकडे वळू. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने मूळ औषधद्रव्यांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिला ६,९४० कोटी रुपयांची तरतूद झाली. टाकीत आंबवून करायच्या द्रव्यांना पहिली चार वर्षे विक्रीच्या २० टक्के, पाचव्या वर्षी १५ आणि सहाव्या वर्षी ५ टक्के रक्कम द्यायची; रासायनिक पद्धतीच्या द्रव्यांना सहा वर्षे १० टक्के. याशिवाय ३,००० कोटी रुपयांची औषधद्रव्य उद्यानांची योजना आली. तिच्यासाठी महाराष्ट्रानेही अर्ज केला होता. २०२२ मध्ये निवड झाली ती आंध्र प्रदेश, गुजरात आणि हिमाचल प्रदेश यांची.

या योजनांतून काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलीन जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. कित्येक वर्षांनी ही बुरशी भारतीय टाकीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर वाढू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण योजनेचे कोष्टक पुन्हा वाचा. सहाव्या वर्षी ५ टक्के, आणि सातव्या वर्षी? सातव्या वर्षी काही नाही. तेव्हा चीनचा भाव किलोमागे थोडा जरी कमी असला, तरी कॅप्सूल करणारा पुन्हा तिकडेच वळेल. त्याने देशी द्रव्य घ्यावे असे त्याला कोण सांगणार? गोळ्यांचा सर्वांत मोठा एकगठ्ठा ग्राहक म्हणजे सरकारे. ती तर निविदेत सर्वांत कमी दर पाहतात. म्हणजे एक सरकारी हात कारखान्याला प्रोत्साहन देतो आणि दुसरा सरकारी हात त्या कारखान्याचा माल न घेणाऱ्याला कंत्राट देतो. पिंपरीचा कारखाना यंत्रांच्या अभावी मागे पडला नव्हता. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले म्हणून मागे पडला. त्या रोगावर आपण पुन्हा यंत्रांचेच औषध देत आहोत.

ऑस्ट्रियाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. कुंडल या गावी युरोपातला पेनिसिलीनचा मोठा कारखाना आहे. तोही स्वस्त आयातीमुळे डळमळला, तेव्हा २०२० मध्ये तेथल्या सरकारने १५ कोटी युरोंच्या गुंतवणुकीत ५ कोटींचा वाटा उचलला आणि बदल्यात पुढची १० वर्षे उत्पादन तेथेच चालू ठेवण्याची हमी घेतली. हेही पूर्ण उत्तर नाही. पण पैसा देताना काय मिळवायचे आहे, हे त्यात स्पष्ट आहे.

दुसरी एक किंमत आपण मोजायला तयार आहोत का, हेही प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. मूळ द्रव्यांचे कारखाने दूषित पाणी सोडतात. हैदराबादजवळ पटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. एवढे औषध रुग्णाच्या रक्तातही नसते. अशा पाण्यात जंतू औषधाला दाद न देण्याचे शिक्षण घेतात. आपल्या कोकणात रोहा-मुरूड भागात औषधद्रव्य उद्यानाला गावकऱ्यांनी विरोध केला, त्यामागे जमिनीची काळजी होती आणि असे अनुभवही. चिनी माल स्वस्त होता त्यात तिथल्या नद्यांनीही काही सोसले असणार. सांडपाण्याचा खर्च धरून जो भाव निघेल तोच खरा भाव, आणि तो स्वस्त नसेल.

सर्वांत कमी दर

आता घराजवळची कडी पाहू. सरकारी दवाखान्यात औषध येते ते खरेदीतून. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ पासूनची, लशींसाठी नावाजलेली. पण लस तयार करणे वेगळे आणि हजारो वस्तूंच्या निविदा काढणे वेगळे. उशीर, थकबाकी, पुन्हा निविदा अशा तक्रारी वाढत गेल्या. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख नसल्याचाही मुद्दा पुढे आला. मृत्यूंचे कारण काहीही असो, औषधखरेदी हे कुणीतरी जमेल तेव्हा पाहायचे काम आहे अशी आपली समजूत आहे, एवढे त्यातून नक्की दिसले.

तामिळनाडूने १९९४ मध्येच यासाठी स्वतंत्र महामंडळ काढले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, प्रत्येक तुकडीची वाटपापूर्वी तपासणी, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक. आपल्या खात्यावरच्या रकमेतून दवाखाना आपल्याला लागणारे औषध उचलतो. त्यामुळे कोणते औषध कुठे किती खपते, हे कळते. यात अतिप्रगत विज्ञान काहीच नाही. गोदाम, वही, तपासणी आणि वेळेवर पैसे. पुढे केरळ, राजस्थान यांनी हीच वाट धरली.

"पण दर कमी ठेवले नाहीत तर गरिबाला औषध कसे मिळेल?" असा आक्षेप वाचकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. तामिळनाडूही दर कमीच ठेवतो. मुद्दा असा, की कमी दर ही निवडीची एक कसोटी असावी, एकमेव नव्हे. काही जुन्या औषधांच्या किमती तर कायद्याने इतक्या खाली बांधल्या गेल्या की ती करणेच परवडेना. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. त्यांत बेंझिल पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने होती. म्हणजे पिंपरीची तीच दोन जुनी औषधे! न मिळणारे स्वस्त औषध गरिबाला सर्वांत महाग पडते, हे सरकारनेच अशा रीतीने मान्य केले. बुडालेली मजुरी त्या किमतीत धरली, तर हिशेब आणखी स्पष्ट होईल.

घाईची किंमत

साखळी भक्कम करायची तर पुरवठादार वाढवा, असा सोपा सल्ला दिला जातो. एकाच दुकानावर भिस्त नको, हे खरेच. पण प्रत्येक नव्या पुरवठादाराबरोबर तपासणीचे काम वाढते, हे विसरले जाते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८८ मध्ये खरेदी, तपासणी आणि परवाने या सगळ्यांतली कीड उघड केली. आपण तो अहवाल वाचला, हळहळलो आणि विसरलो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. विष तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. मधल्या जवळजवळ ४० वर्षांत ते ओळखण्याची चाचणी माहीत नव्हती असे नाही. ती करायची कोणी आणि केव्हा, हा प्रश्न तसाच राहिला. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचे २०२४ मध्ये उघडकीस आले. मधल्या कोणी तरी भरलेले हे खोके चार हात फिरून येते, आणि त्याचा माग लागत नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांच्या पाकिटांवर ठिपक्यांचा चौकोनी संकेत छापणे बंधनकारक झाले. मोबाईलने तो वाचला की उत्पादकाचे नाव, पत्ता, तुकडी क्रमांक, मुदत कळते. चांगलीच सोय आहे. पण मूळ द्रव्य कोणत्या कारखान्यातून आले, हे त्यातही नाही. जी कडी दिसत नाही ती दुबळी आहे की मजबूत, हे ग्राहकाला, दवाखान्याला किंवा खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याला कसे कळणार? दहा कंपन्यांकडून तीच गोळी घेतली आणि दहाही जणांचे द्रव्य एकाच टाकीतले निघाले, तर आपण दहा पुरवठादार ठेवले नाहीत, एकच ठेवला.

प्रत्येकाचे दार बंद

शेवटची अडचण सर्वांत अवघड आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटला लस करण्यासाठी लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या अशा वस्तू अमेरिकेतून मिळेनात. अमेरिकेने आपली गरज आधी भागवायचे ठरवले होते. आपण रागावलो. त्याच सुमारास आपल्याकडे दुसरी लाट आली आणि भारताने लशीची निर्यात थांबवली. तेव्हा पुण्याच्या लशीवर विसंबलेले आफ्रिकेतले देश अडकले. तेथले एखादे खेडे आपल्याकडे त्याच नजरेने पाहत असेल, ज्या नजरेने आपण चीनकडे आणि अमेरिकेकडे पाहत होतो. सगळेच आपापले दार लावून घेणार असतील, तर प्रत्येक वस्तू प्रत्येक देशात करावी लागेल. ते शक्य नाही आणि परवडणारेही नाही. मोजकी अत्यावश्यक द्रव्ये घरी करावीत, बाकीच्यांसाठी दोन-तीन वेगळ्या देशांशी आधीच करार करावेत आणि काही महिन्यांचा साठा ठेवावा, एवढेच हातात राहते. 'जगाचे औषधालय' म्हणवून घेताना आपलाही शब्द मोडला होता, याची आठवण ठेवलेली बरी.

थोडक्यात, साखळी मजबूत करण्यात तंत्रज्ञानाचा अडसर आहे, पण तो सर्वांत मोठा नाही. रिकामी क्षमता, साठा, तपासणी आणि खात्रीचे गिऱ्हाईक या चार गोष्टींसाठी शांततेच्या काळात पैसे मोजायचे आपल्या जिवावर येते, हा खरा अडसर. गोदावरीला दरवर्षी पूर येत नाही, तरी पूल पुराच्या पातळीवर बांधतात. तो उंच बांधला म्हणून कोणी पैसे वाया गेले म्हणत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण दर वेळी उन्हाळ्यातले पाणी पाहून पुलाची उंची ठरवतो.

शिक्षकांना यात काय करता येईल? रिकाम्या पाकिटांचा उपक्रम जरूर करून पाहा. पत्ते नकाशावर मांडा. त्याच औषधाचे दोन कंपन्यांचे दर मुलांना तपासू द्या. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात कोणते औषध या महिन्यात संपले होते, हे मुलांनी आदराने विचारले तर तिथले कर्मचारीही सांगतात. त्यांनाही ते कोणीतरी विचारावे असे वाटत असते. आणि वर्गात कुणाचा घसा वारंवार दुखत असेल, सांधे सुजत असतील, तर घरच्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा.

त्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही तारखांचा तक्ता केला होता. दर तीन आठवड्यांनी एक खूण. इंजेक्शनची तारीख यायच्या आठ दिवस आधी चौकशी सुरू करायची, असा नियम आम्ही घालून घेतला. एका मुलीसाठी, तिच्या वडिलांनी आणि शाळेने मिळून, वहीच्या एका पानावर तो साठा राखला. तेच काम राज्याला आपल्या वहीत करायचे आहे.